घरी सात मिनिटं, मंचावर साडेआठ: भाषणाच्या वेळेचा अंदाज दर वेळी का चुकतो

जुलै उजाडला की महाराष्ट्रातल्या शाळांमधून १ ऑगस्टची तयारी सुरू होते. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णाभाऊ साठे यांची जयंती एकाच दिवशी येते, त्यामुळे त्या आठवड्यात वक्तृत्व स्पर्धांची दाटी असते. पुढे शिक्षक दिन, गांधी जयंती, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, १९ फेब्रुवारीची शिवजयंती असं चक्र चालू राहतं. आणि प्रत्येक वेळी पालक, शिक्षक, कधी कधी मोठे वक्तेसुद्धा एकच तक्रार घेऊन येतात: "घरी अगदी बरोबर बसत होतं हो, तिथे शेवट राहूनच गेला." काहींचं उलटं होतं. पाच मिनिटांचं भाषण साडेतीन मिनिटांत संपतं आणि मूल गोंधळून खाली उतरतं.

मी मुलांची भाषणं बसवते आणि स्पर्धांमध्ये वेळ नोंदवायलाही बसते. महिनाभर खपून तयार केलेला शेवट घंटेखाली दबून जातो तेव्हा फार वाईट वाटतं, कारण हे नुकसान टाळता येण्यासारखं असतं. अंदाज चुकण्याची कारणं मोजकी आहेत आणि ती शोधून काढता येतात.

आधी शोधा: जास्तीचा वेळ गेला कुठे?

भाषण लांबलं की बहुतेक जण लगेच मजकूर कापायला बसतात. तसं करू नका. आधी दोन ध्वनिमुद्रणं लागतील: एक घरच्या सरावाचं, एक प्रत्यक्ष मंचावरचं. मोबाइलवर केलेलं चालेल. भाषणाच्या कागदावर प्रत्येक परिच्छेद संपतो तिथे समासात दोन्ही वेळा लिहा. घरी पहिला परिच्छेद ०:५० ला संपला, मंचावर १:१५ ला, दुसरा घरी १:५५ ला, मंचावर २:२० ला, असं शेवटपर्यंत.

आता तफावत कशी वाढते ते पाहा. वरच्या उदाहरणात पहिल्याच परिच्छेदात पंचवीस सेकंद गेले आणि पुढे तेवढाच फरक राहिला. म्हणजे बोलण्याचा वेग ठीक आहे, दुखणं सुरुवातीला आहे. प्रत्येक परिच्छेदात पाच-सात सेकंदांची भर पडत गेली असेल तर मंचावरचा वेगच घरच्यापेक्षा कमी आहे. मधल्या एकाच परिच्छेदात अर्धा मिनिट गेला असेल तर तिथे आठवण अडकली असेल, आकडे आले असतील, कविता आली असेल किंवा टाळ्या पडल्या असतील. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ही तपासणी न करता सरसकट शंभर शब्द कापले तर चांगला मुद्दा जातो आणि दुखणं तसंच राहतं.

शब्द मोजले, तरी हिशेब जुळत नाही

इंटरनेटवर भाषणाचा वेळ काढून देणारी साधनं आहेत. मजकूर चिकटवला की ती मिनिटं सांगतात. त्यातली बहुतेक इंग्रजीसाठी बनवलेली असतात आणि मिनिटाला १३० ते १५० शब्द धरतात. मराठीत आपण विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला जोडून लिहितो. इंग्रजीत 'फ्रॉम द पीपल ऑफ महाराष्ट्र' हे पाच शब्द होतात. आपण 'महाराष्ट्रातल्या लोकांकडून' असे दोनच लिहितो. पण ते दोन शब्द तोंडातून बाहेर पडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून इंग्रजीचा दर मराठीला लावला की वेळ कमी दिसतो.

सातशे शब्दांचं भाषण घ्या. मिनिटाला १४० शब्द धरले तर पाच मिनिटं. पण मराठीत स्पष्ट, सभेत बोलल्यासारखं बोलताना शाळकरी मुलांचा वेग मला बहुधा ९० ते १२० शब्दांच्या दरम्यान आढळतो. १०५ धरला तर त्याच भाषणाला ६ मिनिटं ४० सेकंद लागतील. पाच मिनिटांच्या स्पर्धेत हे मूल अंतिम घंटा झाल्यावरही दीड मिनिटाचा मजकूर हातात घेऊन उभं असणार, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

अक्षरसंख्येवरून अंदाज करायला गेलात तर संगणक आणखी फसवतो. 'क्षि' हे आपल्या लेखी एक अक्षर, पण संगणक त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हं मोजतो. जोडाक्षरांनी भरलेला मजकूर त्यामुळे उगाच लांब दिसतो. पीडीएफमधून मराठी मजकूर उचलून चिकटवला तर मात्रा-वेलांट्या सुटतात, मध्येच जागा पडते आणि एका शब्दाचे दोन-तीन होतात. अशा मजकुराची शब्दसंख्या धरूच नका. परिच्छेद नीट टंकून मग मोजा. हाताने लिहिलेल्या पानांवरून वेळ ठरवणं तर सोडूनच द्या. एकाच फुलस्केप पानावर एक मूल दीडशे शब्द लिहितं आणि दुसरं तीनशे.

आकडे आणि संक्षेप

ही जागा सगळ्यांत जास्त निसटते, म्हणून थोडं थांबून पाहू. कागदावर लिहिलं आहे: 'महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौ.किमी. आहे.' संगणकाच्या लेखी आकडा एक शब्द आणि 'चौ.किमी.' दुसरा. बोलताना मात्र 'तीन लाख सात हजार सातशे तेरा चौरस किलोमीटर' असे आठ शब्द होतात, आणि ते सावकाश म्हणायला चार-पाच सेकंद लागतात. 'दि. १/५/१९६०' हे बोलताना 'दिनांक एक मे एकोणीसशे साठ' होतं. 'म. गांधी', 'डॉ.', 'इ.स.', 'उदा.', 'वि.स.' यांचंही तसंच. ऐतिहासिक विषयावरच्या भाषणात सनावळ्या आणि आकडे वीस-पंचवीस ठिकाणी असतील, तर सहज पाऊण-एक मिनिट अंदाजाबाहेर जातो.

उपाय सरळ आहे. सरावाची प्रत वेगळी काढा आणि तिच्यात प्रत्येक आकडा, प्रत्येक संक्षेप उच्चारात येतो तसा अक्षरात लिहा. मग शब्द मोजा. याचा दुसरा फायदा असा की मूल मंचावर 'त्र्याण्णव की त्रेसष्ट' यावर अडत नाही. मराठी संख्यानामं अवघड आहेत, आणि घाबरलेल्या मुलाची जीभ तिथेच अडखळते. शिवाय असं लिहून काढलं की कोणता आकडा ऐकणाऱ्याच्या खरंच उपयोगाचा आहे तेही दिसतं. क्षेत्रफळ 'तीन लाख चौरस किलोमीटरहून अधिक' म्हटलं तरी सभेचं काही बिघडत नाही.

लेखी आणि बोली रूपांचाही असाच फरक पडतो. कागदावर 'त्यांनी सांगितले आहे' असतं आणि तोंडात 'त्यांनी सांगितलंय' येतं. ज्यांना लेखी रूपातच पाठ करायची सवय आहे त्यांनी तसंच मोजावं. जे मंचावर बोलीत उतरतात त्यांनी मजकूरही बोलीत लिहून घ्यावा.

तुमचा स्वतःचा दर काढा

दुसऱ्याचा दर उसना घेऊ नका. तुमच्याच भाषणातला मधला भाग निवडा. सुरुवातीचा नको, कारण सुरुवात सगळ्यांनाच जास्त घोटलेली असते. उभं राहा. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोला आणि मोबाइलवर तीन मिनिटं मोजा. मनात वाचून किंवा ओठांत पुटपुटून काढलेला वेळ निरुपयोगी असतो, कारण मनात वाचताना श्वास घ्यावा लागत नाही. एका मिनिटाचं माप पुरत नाही, त्यात एखादा विराम इकडचा तिकडे झाला तरी दर बदलतो. फोनकडून मजकूर वाचून घेऊन वेळ काढणारेही आहेत. यंत्र अडखळत नाही, टाळ्यांसाठी थांबत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यांत पाहत नाही. तो वेळ फार तर 'याहून कमी लागणार नाही' एवढंच सांगेल.

समजा, तीन मिनिटांत ३१५ शब्द झाले. दर निघाला मिनिटाला १०५. स्पर्धा सात मिनिटांची आहे. पूर्ण सात मिनिटांचं लिहायचं नाही. संबोधन, माइक सारखा करणं, एखादी अडखळ, एखादी टाळी यांसाठी पाऊण मिनिट बाजूला काढा. उरली सव्वासहा मिनिटं. १०५ गुणिले ६.२५ म्हणजे ६५६. भाषण साडेसहाशे शब्दांच्या आत बसवा. ज्या मुलांना मंचाची सवय नाही त्यांच्यासाठी मी एक मिनिट बाजूला काढते.

कविता, ओवी, अभंग, संस्कृत श्लोक यांना हा दर लावू नका. ते संथच म्हटले जातात आणि म्हटलेही जावेत. त्यांचा वेळ घड्याळ लावून वेगळा काढा आणि बेरजेत टाका. भाषणाच्या शेवटी 'छत्रपती शिवाजी महाराज की' म्हणून सभेकडून 'जय' घेणार असाल तर सभेच्या प्रतिसादालाही काही सेकंद द्या. शिवजयंतीला तो एकदाच मिळेल असं धरू नका.

सुरुवातीचं संबोधन

'सन्माननीय व्यासपीठ, अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, परीक्षक, गुरुजनवर्ग आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो' हे घरी म्हणायचं राहून जातं, कारण मूल सरळ विषयापासून सुरुवात करतं. मंचावर ते येतं आणि पंधरा सेकंद घेतं. स्पर्धेच्या नियमांत घड्याळ कधी सुरू होतं ते आधी विचारा. काही ठिकाणी पहिल्या शब्दापासून, काही ठिकाणी संबोधन झाल्यावर. घड्याळ पहिल्या शब्दापासून असेल तर संबोधन एका ओळीत आटपा. परीक्षक त्यासाठी गुण कापत नाहीत.

मोठ्यांच्या कार्यक्रमात हेच दुखणं बळावतं. 'जिल्हा परिषदेच्या शिक्षण समितीचे सभापती माननीय श्री. अमुक अमुक' असं एक नाव सहा-सात सेकंद घेतं. व्यासपीठावर दहा जण असतील तर प्रास्ताविक सुरू होण्याआधीच मिनिट संपलेलं असतं. नावं सूत्रसंचालकाने घेतली असतील तर पुढच्या प्रत्येक वक्त्याने ती पुन्हा घेऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. 'व्यासपीठावरील सर्व मान्यवर' यात कुणाचा अपमान होत नाही.

मैदान, कर्णे आणि मोठा जमाव

वर्गात जो वेग छान वाटतो तो मैदानात चालत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. तुमच्यापासून शंभर मीटर लांब बसलेल्या माणसाला जवळच्या कर्ण्याचा आवाज लगेच येतो आणि मंचाजवळच्या कर्ण्याचा जवळपास एक तृतीयांश सेकंदाने उशिरा. शब्द एकमेकांवर आदळतात. अनुभवी वक्ते तिथे आपोआप वाक्यं तोडून बोलतात आणि प्रत्येक तुकड्यानंतर थांबतात. नवखा वक्ताही स्वतःचाच आवाज मागून परत येताना ऐकून अडखळतो. दोन्ही बाबतींत वेळ वाढतो.

जगातल्या गाजलेल्या भाषणांतही हे दिसतं. मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण सुमारे १७ मिनिटांचं आहे आणि शब्द साडेसोळाशेच्या आसपास. म्हणजे इंग्रजीत असूनही मिनिटाला शंभराच्या आत. समोर अडीच लाखांच्या घरात लोक होते. त्याआधी, ध्वनिवर्धक नसण्याच्या काळात, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन यांनी ४ मार्च १८४१ ला उघड्यावर ८,४४५ शब्दांचं शपथविधीचं भाषण केलं, त्याला पावणेदोन तासांच्या आसपास लागले. हा दर मिनिटाला ८० च्या जवळपास येतो. इंग्रजी साधनांतला १४० चा दर खुल्या मैदानात इंग्रजीलाही लागू पडत नाही, मग मराठीचं काय सांगावं!

म्हणून भाषण कुठे आहे ते आधी विचारा. शाळेचं सभागृह असेल तर तुमचा मोजलेला दर चालेल. मोकळं पटांगण आणि चारी बाजूंना कर्णे असतील तर मी दरात १५ टक्के कपात करते. १०५ चे ९० धरते. शक्य असेल तर आदल्या दिवशी त्याच माइकवर दोन मिनिटं बोलून पाहा.

भाषण लवकर संपतं

याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: मुलाने विराम पाठ केलेले नसतात. शब्द घोटून घोटून इतके गुळगुळीत होतात की घाबरल्यावर ते एका दमात घरंगळत बाहेर येतात. पालक मग भाषणात आणखी परिच्छेद घालतात. त्याने वेळ भरतो, पण मूल आणखी वेगाने धावतं, कारण आता पाठांतराचं ओझं वाढलेलं असतं.

मजकूर वाढवू नका. कागदावर तांबड्या पेनने विरामाच्या जागा आखा: छोट्या थांब्याला एक उभी रेघ, मोठ्याला दोन. प्रश्न विचारला की दोन रेघा. कुणाचं नाव पहिल्यांदा घेतलं की त्यानंतर एक. सरावात मुलाने मोठ्या विरामाला मनात 'एक, दोन' म्हणायचं. सुरुवातीला त्याला हा काळ फार लांब वाटतो. त्यालाच ध्वनिमुद्रण ऐकवा, म्हणजे विश्वास बसतो. मग घरात तीन-चार माणसं समोर बसवून म्हणून घ्या. आजीसमोर, शेजारच्या काकूंसमोर, कुणीही चालेल. भिंतीसमोर म्हटलेलं भाषण माणसांसमोर त्याच वेगाने येत नाही.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांमध्ये वाढणाऱ्या मुलांचं थोडं निराळं असतं. ज्यांना मराठी रोमन लिपीत लिहून दिलेलं असतं, ती वाचताना अडखळत जातात आणि पाठ झाल्यावर एकदम सुसाट सुटतात. त्यांचा दर पाठांतर पूर्ण झाल्यावरच मोजा, आधी काढलेला उपयोगाचा नाही.

घंटा वाजली की सगळं विस्कटतं

बऱ्याच स्पर्धांत वेळ संपण्याच्या एक मिनिट आधी पहिली घंटा होते आणि वेळ संपताच दुसरी. टोस्टमास्टर्स या भाषणकलेचा सराव करून घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या पद्धतीत पाच ते सात मिनिटांच्या भाषणाला पाचव्या मिनिटाला हिरवी, सहाव्याला पिवळी आणि सातव्याला लाल खूण दाखवतात. त्यांच्या स्पर्धांत साडेचार मिनिटांहून कमी किंवा साडेसातहून जास्त बोललं तर वक्ता बाद होतो. आपल्याकडे नियम जागोजागी वेगळे असतात. कुठे गुण कापतात, कुठे माइक बंद करतात. नियमपत्रिका वाचा, तिच्यात नसेल तर फोन करून विचारा.

पहिली घंटा ऐकली की मुलं एकतर गोठतात किंवा पळत सुटतात. यावर उपाय म्हणजे सरावातच घंटा वाजवणे. ताटावर चमचा वाजवला तरी चालतो. आणि भाषण असं बांधा की पहिल्या घंटेला कुठेही असलं तरी शेवटावर जाता येईल. मी शेवटचा परिच्छेद चाळीस सेकंदांचा ठेवते आणि त्याच्या आधीचा परिच्छेद सुटा ठेवते: त्यात जे आहे त्याचा पुढे उल्लेख नाही, आणि तो गाळला तरी जोड दिसत नाही. मुलाला दोन्ही रीतींनी पाठ असतं, सुट्या परिच्छेदासह आणि त्याच्याशिवाय. घंटा आधी झाली की चालू वाक्य पूर्ण करायचं, दोन रेघांचा विराम घ्यायचा आणि शेवटावर यायचं. त्यामुळे 'वेळेअभावी मी माझे दोन शब्द संपवते' हे वाक्य म्हणावं लागत नाही. त्या वाक्याने चांगल्या भाषणाची रया जाते.

मोठ्या सभागृहांत मागे राहिलेल्या पानांची सोय असते. १ फेब्रुवारी २०२० ला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचं अर्थसंकल्पाचं भाषण दोन तास चाळीस मिनिटांच्या पुढे गेलं, तब्येत बिघडल्याने शेवटची पानं वाचायची राहिली आणि ती वाचली असं धरलं गेलं. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांचं भाषणही छापून वाटलेलं असतं, म्हणून अध्यक्ष त्यातला निवडक भागच मंचावर बोलू शकतात. नववीतल्या मुलीच्या हातात अशी छापील प्रत नसते. तिचं जे बोललं जाईल तेवढंच परीक्षकांपर्यंत पोहोचतं.

आयोजकांसाठी

वक्त्यांनी वेळ पाळूनही कार्यक्रम लांबत असेल तर वेळापत्रक तपासा. वीस स्पर्धक, प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे १४० मिनिटं असा हिशेब करतात. पण नाव पुकारणं, मुलाचं मंचावर येणं, माइकची उंची बदलणं, टाळ्या, परीक्षकांनी गुण टिपणं यांत प्रत्येकामागे दीड मिनिट जातं. त्याची आणखी ३० मिनिटं. दहा वाजता सुरू झालेली स्पर्धा बारा-पन्नासला संपेल, बारा-वीसला नाही, आणि परीक्षकांचं मनोगत व बक्षीस समारंभ त्यापुढे. मुलांच्या डब्याची वेळ त्यानुसार ठेवा.

दुभाष्यामार्फत बोलणारे पाहुणे असतील तर त्यांना दुप्पट वेळ धरा. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येणार आहे. संध्याकाळच्या उघड्यावरच्या व्याख्यानाला तर घड्याळाची सक्ती कायद्याचीच असते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर ध्वनिवर्धक बंद करावा लागतो. तेव्हा मागून मोजत या: दहाला बंद, पावणेदहाला आभार, त्याआधी अध्यक्षीय समारोप, त्याआधी मुख्य व्याख्यान. सत्कार आणि हारतुरे यांना ठरलेली मिनिटं द्या, उरलीसुरली नकोत, नाहीतर ज्यांना ऐकायला लोक आले त्या वक्त्याच्याच वाट्याला कात्री येते. आणि पाहुण्यांना निमंत्रणपत्रातच 'आपल्या भाषणासाठी २५ मिनिटं राखून ठेवली आहेत' असं नम्रपणे लिहा. कार्यक्रमाच्या दिवशी फाटकात स्वागत करताना ही गोष्ट सांगणं अवघड जातं, आणि भाषण चालू असताना चिठ्ठी पाठवणं दोघांनाही नकोसं होतं.